उद्यमबागेत प्रेसखाली भावाची तीन बोटं गेली, मालक स्टॅम्प पेपरवर सही मागतोय

थोरली_बहीण
11 जानेवारी 2026, रात्री 10.40

नमस्कार मंडळी. इथं पहिल्यांदाच लिहितेय, चुकलं तर सांभाळून घ्या.

आम्ही बेळगाव तालुक्याच्या पश्चिम भागातले. माझा धाकटा भाऊ उद्यमबाग औद्योगिक वसाहतीतल्या एका वर्कशॉपमध्ये पॉवर प्रेसवर (धातू दाबून आकार देणाऱ्या मशीनवर) होता. वय 27 पूर्ण, पाच वर्षं त्याच ठिकाणी. पगार महिना 14,000. त्यातले 9,000 खात्यावर यायचे, बाकीचे मालक हातात द्यायचा. 9 ऑक्टोबरला सेकंड शिफ्टला डायमध्ये, म्हणजे मशीनच्या साच्यात, जॉब (घडवायचा तुकडा) अडकला. तो काढायला हात घातला आणि प्रेस खाली आला. उजव्या हाताची तर्जनी, मधलं बोट आणि अनामिका, तिन्ही मुळापासून गेली. अंगठा आणि करंगळी तेवढी राहिली.

पहिलं बिल मालकानं भरलं, ते नाही म्हणणार नाही. पण नोव्हेंबरपासून पगार बंद, ड्रेसिंगचे पैसेही आम्हीच भरतोय. परवा मालकाचा माणूस स्टॅम्प पेपर घेऊन घरी आला. 60,000 देतो म्हणाला, बुधवारपर्यंत सही करून द्या. पेपर कन्नडमध्ये आहे. बाबांना वाचता येत नाही, मला अक्षर अक्षर जुळवून थोडं येतं. "यापुढे काहीही मागणी करणार नाही" असं शेवटी लिहिलंय एवढं कळलं. शिवाय म्हणतात, गार्ड (हात आत जाऊ नये म्हणून मशीनला लावलेली आड) नसताना हात घातला, म्हणजे चूक तुमच्याच मुलाची.

बाबा म्हणतात घेऊया, हातात काहीतरी पडेल. भाऊ काहीच बोलत नाही. डाव्या हातानं जेवतो आणि पाहुणे आले की आतल्या खोलीत जातो. मला काही सुचत नाही. कायद्यात नेमकं काय आहे, कुणी सांगाल का?

---

मच्छे_टर्नर
11 जानेवारी 2026, रात्री 11.05

ताई, सही करू नका. बाकी सगळं उद्या बोलूया, पण बुधवारी सही करू नका. आजारी आहे, वडील गावात नाहीत, काहीही सांगा. त्या पेपरचा मोबाईलवर फोटो काढून ठेवा, दोन्ही बाजूंचा.

---

कोर्टकट्टा
12 जानेवारी 2026, सकाळी 7.20

ताई, मी बेळगाव कोर्टात कामगारांच्या केसेस चालवतो. सविस्तर लिहितो, शांतपणे वाचा आणि वडिलांनाही वाचून दाखवा.

आधी त्या स्टॅम्प पेपरचं. कर्मचारी भरपाई कायदा 1923 सालचा. पूर्वी त्याला कामगार नुकसानभरपाई कायदा म्हणत. त्याचं कलम 17 सांगतं की भरपाईचा हक्क सोडणारा किंवा कमी करणारा कुठलाही करार रद्दबातल आहे. मग कागद शंभराचा असो नाहीतर पाचशेचा. तडजोड करायचीच असेल तर तिची नोंद कलम 28 प्रमाणे आयुक्तांसमोर, म्हणजे भरपाईचे दावे ऐकणाऱ्या अधिकाऱ्यासमोर, व्हावी लागते, आणि रक्कम तुटपुंजी वाटली किंवा फसवून, दबावानं घेतली असं दिसलं तर आयुक्त ती नोंद नाकारू शकतात. म्हणजे सही झालीच तरी सगळं संपत नाही. तरीही करू नका. सही केलेला कागद समोर आला की पुढं वर्षभर त्याच कागदावर वाद घालत बसावं लागतं.

आता रक्कम. कायम स्वरूपाचं पूर्ण अपंगत्व आलं तर मासिक पगाराचे 60 टक्के गुणिले वयाप्रमाणे ठरलेला गुणांक, असं सूत्र आहे. 27 व्या वर्षासाठी तो गुणांक 213.57. पगार 14,000 धरला तर 60 टक्के म्हणजे 8,400, आणि गुणाकार होतो 17,93,988. ही झाली शंभर टक्क्यांची रक्कम. बोटं, हात, डोळा अशा प्रत्येक इजेला किती टक्के कमाईची ताकद गेली, ते कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत छापलेलं आहे. एका हाताची तीन बोटं गेली तर 30 टक्के. 17,93,988 चे 30 टक्के म्हणजे 5,38,196 रुपये.

तुम्हाला साठ हजार दाखवलेत.

यावर व्याज वेगळं. रक्कम देय झाल्यापासून महिन्याच्या आत दिली नाही तर वर्षाला 12 टक्के. सर्वोच्च न्यायालयानं हे व्याज अपघाताच्या तारखेपासून धरलेलं आहे. विनाकारण टाळाटाळ केली असेल तर रकमेच्या 50 टक्क्यांपर्यंत दंडही लागू शकतो.

उपचाराचा खर्चही मालकाचाच. 2009 च्या दुरुस्तीनं तशी तरतूद आली. मालकानं भरलेलं हॉस्पिटलचं बिल भरपाईतून वजा होत नाही, हे कायद्यात स्पष्ट लिहिलंय. "एवढं बिल भरलं, आता कसले पैसे" असं कुणी म्हणालं तर हे ऐकवा.

गार्डचं म्हणाल तर तो मुद्दा त्यांचा वकील हमखास काढणार. कामगारानं मुद्दाम गार्ड काढलं किंवा सुरक्षेचा स्पष्ट आदेश जाणूनबुजून मोडला, तर मृत्यू आणि पूर्ण कायम अपंगत्व सोडून इतर इजांमध्ये मालकाला बचाव मिळतो. पण "मुद्दाम" हे त्यांनी सिद्ध करायचं असतं. म्हणून मला एवढं सांगा: त्या प्रेसला गार्ड होतं का? असेल तर काढलं कुणी?

एक खुलासा. 21 नोव्हेंबर 2025 पासून केंद्रानं चारही कामगार संहिता लागू केल्या आणि हा विषय आता सामाजिक सुरक्षा संहितेत गेला. तुमचा अपघात त्याच्या आधीचा आहे, त्यामुळे तुमचा हक्क 1923 च्याच कायद्यानं मोजला जाईल. कुणी "कायदाच बदलला आता" म्हणून घाबरवलं तर ऐकू नका.

---

थोरली_बहीण
12 जानेवारी 2026, दुपारी 1.15

वकीलसाहेब, तुमचं लिहिलेलं बाबांना दोनदा वाचून दाखवलं. आकडा ऐकून ते बराच वेळ गप्प बसले.

भावाला गार्डचं विचारलं. अपघातानंतर पहिल्यांदाच तो एवढं बोलला. गार्ड होतं, पण गेल्या पावसाळ्यात काढलं. मोठा जॉब गार्डमुळे आत बसत नाही म्हणून सुपरवायझरनंच फिटरला सांगून काढायला लावलं आणि भिंतीला टेकवून ठेवलं. तीन महिने ते तिथंच होतं म्हणे. सगळ्यांना माहीत आहे.

---

वडगाव_माग
12 जानेवारी 2026, दुपारी 3.30

बगा, हेच असतंय. आमच्या मागावर पण तसंच. धोटा उडून डोळ्याला लागू नये म्हणून जाळी असती, काम अडालंय म्हणून जाळी काढायला लावतात, आणि लागलं की "कोण सांगितलं तुला काढायला?"

एक विचारू का? ईएसआयचं, म्हंजे कामगारांच्या सरकारी विम्याचं बघितलासा काय? माझ्या जावेच्या पोराला ईएसआयमुळं लई आधार झाला.

---

कोर्टकट्टा
12 जानेवारी 2026, रात्री 9.10

काकूंनी योग्य वेळी विचारलं, हे मी आधीच लिहायला हवं होतं.

कारखाना ईएसआयखाली असेल आणि कामगार विमाधारक असेल, तर भरपाई कायद्याचा दावा करता येत नाही, ईएसआयकडूनच लाभ घ्यायचा. पगाराची मर्यादा महिना 21,000. मालक 3.25 टक्के भरतो, कामगाराचे 0.75 टक्के कापतात. कामावरची इजा असेल तर किती दिवस वर्गणी भरली हे बघत नाहीत, पहिल्या दिवसापासून संरक्षण आहे. बरं होईपर्यंत पगाराच्या साधारण 90 टक्के मिळतात. कायमचं अपंगत्व राहिलं तर मेडिकल बोर्ड टक्केवारी ठरवतं आणि त्या हिशेबानं दरमहा रक्कम सुरू होते, ती जन्मभर. बेळगावात अशोकनगरला ईएसआयचं हॉस्पिटल आहेच.

जन्मभराची दरमहा रक्कम अनेकदा एकरकमी भरपाईपेक्षा भारी पडते, म्हणून ईएसआय आहे म्हटल्यावर नाराज व्हायचं कारण नाही. फक्त मालकानं अपघाताचा रिपोर्ट ईएसआयला पाठवला आहे ना, हे पाहायचं.

ताई, भावाच्या पगारातून ईएसआय कापत होते का? विमा नंबर दिला होता का? आणि तिथं किती माणसं कामाला?

---

थोरली_बहीण
12 जानेवारी 2026, रात्री 9.50

कापत नव्हते. नंबर नाही, कार्ड नाही. सात कामगार आणि एक सुपरवायझर.

---

कोर्टकट्टा
12 जानेवारी 2026, रात्री 10.05

मग 1923 चाच कायदा. माणसं कमी आहेत म्हणून तो लागू नाही असं कुणी म्हटलं तर चूक आहे. यंत्रावर वस्तू बनवण्याचं काम चालतं एवढं पुरे.

---

जुना_फाउंड्रीवाला
13 जानेवारी 2026, सकाळी 8.00

मी वेगळं बोलणार आहे, राग मानू नका.

तीस वर्षं ओतकामात काढली. उद्यमबाग ते मच्छे सगळे मालक एकमेकांना ओळखतात. कोर्टात गेलेल्या पोराला दुसरीकडं उभं करून घेत नाहीत. केस तीन-चार वर्षं चालते. तोपर्यंत खायचं काय? मालक बरा असेल तर चार माणसं मध्ये घालून दीड-दोन लाख आणि वॉचमनची नोकरी मिळवावी, असं मला वाटतं. घर चालतं त्यानं.

---

मच्छे_टर्नर
13 जानेवारी 2026, दुपारी 12.40

काका, तुमचा मान राखून बोलतो. मी तेच केलं होतं.

2014 ची गोष्ट. लेथवर हात अडकला, डाव्या हाताचा अंगठा गेला. मालकाचा माणूस हॉस्पिटलात माझ्याबरोबर आला आणि केसपेपर करताना "मोटारसायकलच्या चेनमध्ये अंगठा सापडला" असं त्यानंच सांगितलं. मी शुद्धीवर होतो, ऐकत होतो, बोललो नाही. वाटलं, मालक बिल भरणार आहे, कशाला वाईटपणा. महिन्यानं 40,000 दिले, सही घेतली, आणि "नोकरी कायम" असं तोंडी सांगितलं. नोकरी सात महिने टिकली. नंतर काम कमी झालं म्हणून पहिला मला काढला.

कायद्यात अंगठ्याला 30 टक्के आहेत हे मला पाच वर्षांनी कळलं. तेव्हा एका वकिलांना भेटलो, तर ते म्हणाले दोन वर्षांच्या आत यायला पाहिजे होतं, आणि केसपेपरवर तर गाडीचा अपघात लिहिलाय.

म्हणून ताई, डिस्चार्ज कार्ड आणि केसपेपर आजच काढून वाचा. इजा कशानं झाली म्हणून लिहिलंय ते बघा. माझी केस तिथंच मेली होती.

---

थोरली_बहीण
13 जानेवारी 2026, रात्री 8.20

टर्नरदादा, तुमचं वाचून पोटात गोळा आला. लगेच पिशवी उपसली. डिस्चार्ज कार्डवर इंग्रजीत "कामाच्या ठिकाणी मशीनची इजा" असं लिहिलंय. त्या रात्री त्याच्याबरोबर शिफ्टमधला मित्र गेला होता, मालकाचा माणूस नंतर आला, म्हणून वाचलो बहुतेक.

पण पगाराचं काय करायचं? खात्यावर 9,000 च दिसतात.

---

कोर्टकट्टा
13 जानेवारी 2026, रात्री 10.30

मालक कोर्टात 9,000 च सांगणार, हे धरून चाला. फरक किती पडतो बघा. 9,000 चे 60 टक्के 5,400, गुणिले 213.57 म्हणजे 11,53,278. त्याचे 30 टक्के 3,45,983. म्हणजे हातात दिलेले पाच हजार सिद्ध झाले नाहीत तर 1,92,213 रुपयांचं नुकसान, व्याज सोडून. रोख पगार कामगाराला असा दोनदा बुडवतो, एकदा पीएफमध्ये आणि एकदा इथं.

मालक कामगाराची सही घेऊन रोख देत असेल तर ते रजिस्टर कोर्टातून मागवता येतं. भाऊ हजेरीची किंवा ओव्हरटाइमची डायरी ठेवत असेल, सुपरवायझरचे व्हॉट्सॲपवर मेसेज असतील, एखाद्या महिन्याचे पैसे फोनवरून आले असतील, तर ते सगळं जपा. फोन बदलू नका, मेसेज पुसू नका. बरोबर काम करणारा एक जरी माणूस साक्षीला आला तरी मोठी गोष्ट आहे. पण तिथंच नोकरीत असलेल्या मित्राला भरीला घालू नका. जो आधीच सोडून गेलाय त्याला विचारा. मालकाच्या दारात उभं असणाऱ्यानं खरं बोलावं, ही अपेक्षा जड आहे. अशी कितीतरी माणसं साक्षीच्या पिंजऱ्यात कोसळलेली मी पाहिलीत आणि त्यांना दोष द्यावासा वाटला नाही. पगाराला 15,000 ची कमाल मर्यादा आहे, तुमचे 14,000 त्यात बसतात.

जुन्या काकांनी मांडलेली अडचण खरी आहे. केस रेंगाळते. कायद्यात तीन महिन्यांत निकाल द्यावा असं लिहिलंय, प्रत्यक्षात तसं होत नाही. पण दावा दाखल करणं आणि तडजोड करणं एकमेकांच्या आड येत नाही. उलट दावा दाखल झाला की तडजोडीचा आकडा बदलतो, आणि ती आयुक्तांसमोर नोंदवली की पैसे तिथं जमा होतात. वॉचमनची नोकरी मिळाली तर जरूर घ्या, फक्त तिच्या बदल्यात हक्क सोडू नका.

शिवाय 30 टक्के हा शेवटचा आकडा नाही. 1975 मध्ये सर्वोच्च न्यायालयापुढं एका सुताराचं प्रकरण आलं होतं, प्रताप नारायण सिंह देव खटला. त्याचा डावा हात कोपराच्या वरून कापावा लागला. न्यायालय म्हणालं, एका हातानं सुतारकाम होत नाही, म्हणून त्याच्यापुरतं हे 100 टक्के अपंगत्व. तुमच्या भावाला तेवढं मिळेलच असं मी म्हणत नाही, करंगळी आणि अंगठा शाबूत आहे. पण उजव्या हातानं प्रेस, ड्रिल, स्पॅनर काहीच धरता येत नाही, हे उपचार करणाऱ्या डॉक्टरांनी साक्षीत सांगितलं तर जास्त टक्केवारी मागता येते. अपंगत्वाची टक्केवारी आणि कमाईची ताकद गेल्याची टक्केवारी वेगळी असते. डॉक्टरांना दुसरी विचारायची.

---

खानापूर_वाट
14 जानेवारी 2026, सकाळी 9.15

तीळगूळ घ्या सगळ्यांनी.

आमच्या भागात वीटभट्ट्या भरपूर. तिथं माणूस उचल घेऊन येतो. हंगामाच्या आधी चाळीस-पन्नास हजार घेतलेले असतात. मागल्या साली एका बाईच्या पायावर विटांचा थर कोसळला. भट्टीवाला म्हणाला, उचल फिटली नाही, तीच भरपाईत धरा. नवरा-बायको मुलांना घेऊन रात्रीत गाव सोडून गेले. असं वजा करता येतं का?

---

कोर्टकट्टा
14 जानेवारी 2026, दुपारी 2.00

करता येत नाही. कलम 9 प्रमाणे भरपाईवर जप्ती येत नाही, ती दुसऱ्याच्या नावावर करून देता येत नाही आणि कुठल्याही येण्यापोटी वळतीही करता येत नाही. उचल हा वेगळा व्यवहार. आणि भट्टीवर मुकादमानं आणलेला कामगार असला तरी काम ज्याचं चाललंय तो मूळ मालक जबाबदार. त्यानं मग मुकादमाकडून वसूल करावं. तो त्यांचा प्रश्न.

त्या बाईंचा ठावठिकाणा लागला तर सांगा. अपघाताला दोन वर्षं व्हायची असतील तर वेळ आहे. उशीर झाला तरी सबळ कारण दाखवून माफी मागता येते, पण ती मिळेलच याची खात्री नसते.

---

शिनोळी_शिफ्ट
14 जानेवारी 2026, रात्री 11.50

मी राहतो बेळगाव तालुक्यात, कामाला जातो शिनोळीला, म्हणजे चंदगड तालुक्यात. गावापासून आठ किलोमीटर, पण राज्य बदलतंय. आमच्यातल्या एकाला मशीनवर लागलं तर "महाराष्ट्रात जा" आणि "कर्नाटकात जा" असं दोन्हीकडून ऐकायला मिळालं. सीमाभागात हे नेहमीचंच, पण अशा वेळी जिवावर येतं. नक्की जायचं कुठं?

दुसरं, नाइट शिफ्टला जाताना रस्त्यात अपघात झाला तर?

---

कोर्टकट्टा
15 जानेवारी 2026, सकाळी 7.45

कलम 21 प्रमाणे दावा तीन ठिकाणी करता येतो. जिथं अपघात झाला तिथं, कामगार किंवा मृताचे वारस जिथं नेहमी राहतात तिथं, किंवा मालकाचं नोंदणीकृत कार्यालय आहे तिथं. म्हणजे अपघात शिनोळीत झाला आणि घर बेळगाव तालुक्यात आहे, तर बेळगावात दावा चालतो. इथलं कोर्ट तिकडच्या आयुक्तांना आणि राज्य सरकारला नोटीस पाठवतं, एवढंच. उलट दिशेनंही तेच. चंदगड-आजऱ्याकडची बरीच पोरं बेळगावात कामाला येतात, ती आपल्या जिल्ह्यात दावा करू शकतात. ही सोय 1995 पासूनची आहे आणि आपल्यासारख्या भागाला ती फार मोलाची. आयुक्त म्हणजे कर्नाटकात आता सीनियर सिव्हिल जज्ज. पूर्वी लेबर ऑफिसर असायचे, म्हणून जुने लोक अजून लेबर ऑफिसकडं बोट दाखवतात आणि माणसाचा एक दिवस फुकट जातो. निकाल पटला नाही तर अपील धारवाड खंडपीठात.

रस्त्यातल्या अपघाताचं. साखर कारखान्याचा एक रखवालदार पहाटे तीनच्या ड्यूटीला मोटारसायकलवरून निघाला होता, कारखाना पाच किलोमीटरवर असताना अपघातात गेला. 2003 ची ही घटना, मराठवाड्यातली. आयुक्तांनी भरपाई दिली, हायकोर्टानं रद्द केली, आणि जुलै 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं ती परत मंजूर केली. कामाची वेळ, जागा आणि प्रवास यांचा संबंध दिसत असेल तर जाता-येतानाचा अपघातही कामातलाच, असं त्यात ठरलं. नव्या संहितेत तर ते लिहूनच आलंय. त्या घराला न्याय मिळायला बावीस वर्षं लागली, याचं मला अजून वाईट वाटतं.

एक सावधगिरी: वाहनाचा अपघात असेल तर मोटार अपघात न्यायाधिकरणाकडं जायचं की भरपाई आयुक्तांकडं, यातलं एकच निवडावं लागतं. ऊसतोडीच्या ट्रॅक्टर-ट्रॉलीखाली माणूस गेला तर घरच्यांनी घाईत अर्ज टाकण्याआधी दोन्हीकडं किती मिळेल हे कुणाकडून तरी मोजून घ्यावं.

---

निपाणी_लेक
15 जानेवारी 2026, दुपारी 4.20

वकिलाच्या फीचं कुणीच बोलत नाही. आमच्या शेजारी एकांनी मिळालेल्या रकमेच्या चौथाईवर करार केला होता.

---

कोर्टकट्टा
15 जानेवारी 2026, रात्री 9.00

माझ्याच व्यवसायाबद्दल बोलायचं तर स्पष्ट बोलतो. निकालावर किंवा मिळालेल्या रकमेत वाटा ठेवून फी ठरवायला बार कौन्सिलच्या नियमात मनाई आहे. असा करार कुणी पुढं केला तर उठून या.

औद्योगिक कामगार, महिला, अनुसूचित जाती-जमाती आणि अपंग व्यक्ती यांना विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळतो. बेळगावच्या कोर्ट आवारात जिल्हा प्राधिकरणाचं ऑफिस आहे, तालुक्याच्या कोर्टात तालुका समिती असते. फोन करायचा तर 15100. फुकटचा वकील लक्ष घालत नाही असं लोक म्हणतात. काही वेळा ते खरंही असतं, पण त्या यादीत जीव ओतून काम करणारे तरुण वकील आहेत, मी त्यांना रोज पाहतो. नाही पटला तर बदलून मागता येतो.

भाषेची भीती बाळगू नका. कागद कन्नडमध्ये असला तर वाचून, समजावून मिळाल्याशिवाय सही करायची नाही. तक्रारअर्ज तर राज्यात वापरात असलेल्या कुठल्याही भाषेत देता येतो, राज्यघटनेच्या 350 व्या कलमात ते आहे. कोर्टातला दावा मात्र वकील इंग्रजी किंवा कन्नडमध्ये करतील, तो तुम्हाला मराठीत सांगायला लावा.

ताई, आता तुमचं काम: आधी मालकाला रजिस्टर पोस्टानं नोटीस. अपघाताची तारीख, वेळ, यंत्र, इजा, पगार, एवढंच लिहायचं. शिव्याशाप नकोत.

---

वडगाव_माग
15 जानेवारी 2026, रात्री 9.30

आणि भावाचं पंतप्रधान सुरक्षा विम्याचं बघा की. बँकेतनं वर्षाला 20 रुपये कट होतात ते. कायमचं अंशतः अपंगत्व आलं तर एक लाख हाय म्हणे, पण कशाकशाला ते बँकेतच विचारा. पासबुकात 20 ची एंट्री हाय काय बघा.

---

थोरली_बहीण
8 फेब्रुवारी 2026, रात्री 9.15

मंडळी, उशिरा लिहितेय.

सही केली नाही. बुधवारी तो माणूस आला तेव्हा बाबा स्वतः बाहेर आले आणि म्हणाले, "पोरगी वाचून दाखवेल, वकील बघतील, मग बोलू." मला वाटलं नव्हतं ते एवढं बोलतील.

विधी सेवा ऑफिसातून वकीलबाई मिळाल्या. येळ्ळूरच्या बाजूच्या आहेत, सगळं मराठीत समजावतात. नोटीस पाठवली, ती मालकानं घेतली. चार दिवसांनी निरोप आला, दीड लाख. नाही म्हटल्यावर आठवड्यानं तीन लाख. बाई म्हणाल्या, आकडा वाढतोय म्हणजे त्यांनाही हिशेब माहीत आहे. दावा तयार होतोय. मालकानं विमा पॉलिसी घेतलेली आहे असं सुपरवायझरच्या बोलण्यातून कळलं, म्हणून विमा कंपनीलाही पक्षकार करणार आहेत. भावाची एक खिशातली डायरी सापडली, 2022 पासूनचे ओव्हरटाइमचे तास आणि हातात मिळालेले पैसे त्यानं स्वतः लिहिलेत. मागच्या वर्षी सोडून गेलेला एक फिटर साक्षीला येतो म्हणालाय. गार्ड त्यानंच काढलं होतं, सांगितल्यावरून.

पासबुकात 20 रुपयांची एंट्री नाही, काकू. ते राहूनच गेलं होतं. आता घरातल्या सगळ्यांचं केलं.

---

जुना_फाउंड्रीवाला
8 फेब्रुवारी 2026, रात्री 10.00

पोरी, बरं केलंस. माझं ऐकलं नाहीस ते बरं झालं. त्या फिटरला म्हणावं, काही लागलं तर माझ्या ओळखीच्या दोन ठिकाणी मी शब्द टाकतो. तुझ्या भावासाठी पण. डाव्या हातानं इन्स्पेक्शनचं काम होतं, गेज धरायला दोन बोटं पुरतात.

---

कोर्टकट्टा
8 फेब्रुवारी 2026, रात्री 10.40

विमा कंपनीला सामील केलं ते योग्य. मूळ रक्कम आणि व्याज कंपनीकडून येऊ शकतं. दंड लागला तर तो मात्र मालकाच्या खिशातून जातो, 1997 मध्येच सर्वोच्च न्यायालयानं तसं सांगितलंय. त्यामुळे पॉलिसी असलेला मालक बऱ्याचदा लवकर जमवून घेतो. तीन लाखांचा निरोप तोंडी आहे ना? लेखी मागा.

---

थोरली_बहीण
22 मार्च 2026, सायंकाळी 6.30

दावा दाखल झाला, नंबर पडला. मालकाला आणि कंपनीला नोटिसा निघाल्या, पुढली तारीख एप्रिलमध्ये आहे. फाउंड्रीकाकांनी सांगितलेल्या ठिकाणी भाऊ एक तारखेपासून जातोय. पगार 9,000 आहे, पण सगळा खात्यावर.

एक अडचण विचारायची होती. वकीलपत्रावर भावानं डाव्या हातानं सही केली. महिनाभर पाटीवर गिरवत होता. आता बँकेत गेलो तर जुनी सही जुळत नाही म्हणून पैसे काढू देईनात, आणि उद्या कोर्टाचे पैसे याच खात्यावर आले तर काय करायचं?

---

निपाणी_लेक
22 मार्च 2026, सायंकाळी 7.10

ताई, माझ्या आईच्या वेळी हे झालं होतं, पक्षाघातानंतर. ब्रँच मॅनेजरला भेटून नमुना सही बदलायचा अर्ज द्या. आधार, पासबुक, फोटो आणि डिस्चार्ज कार्डची झेरॉक्स बरोबर न्या. भावाला स्वतः जावं लागेल, त्यांच्यासमोर नवी सही करायला लागते. तीन ठिकाणी करायला लावतात, तेव्हा तीनही सारख्या येतील एवढं घरी गिरवून जा.

---

थोरली_बहीण
22 मार्च 2026, सायंकाळी 7.25

येतात आता सारख्या. सोमवारी जातो.